‘विंडोज मारून द्या’ म्हणण्याआधी: लोक कॉम्प्युटरची सिस्टीम का बदलतात, अन् काहीजण परत का फिरतात?

तालुक्याच्या ठिकाणी कॉम्प्युटर रिपेरिंगच्या दुकानात अर्धा तास बसलात तर एक वाक्य हमखास कानावर पडतं. “भाऊ, यात नवीन विंडोज मारून द्या.” मशीन हळू चालतंय, विंडोज मारा. व्हायरस शिरला, विंडोज मारा. प्रिंट निघत नाही, तरी विंडोज मारा. आता त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडलीय, “यात अकरा बसतंय का बघा.” दुकानदार स्क्रीनवर प्रोसेसरचं नाव वाचतो आणि मान हलवतो, “नाही बसत.”

मग पुढे काय? नवं मशीन घ्यायचं, आहे ते तसंच चालवायचं, की दुकानदाराचा मुलगा सुचवतोय ते लिनक्स टाकायचं? सेवा केंद्र, ग्रामपंचायत, विकास सोसायटी, शाळा, लग्नपत्रिका छापणारं डीटीपीचं दुकान, खत-बियाण्याचा व्यापारी, सगळ्यांपुढे सध्या हाच पेच आहे. शिष्यवृत्तीच्या किंवा पीक विम्याच्या शेवटच्या तारखेला केंद्राचं मशीन फॉरमॅटला गेलेलं असेल, तर नुकसान फक्त केंद्रचालकाचं होत नाही, रांगेत उभ्या असलेल्या माणसाचंही होतं. म्हणून हा विषय जरा सविस्तर.

१४ ऑक्टोबरला नेमकं काय झालं?

आधी एक गोष्ट साफ करू. कॉम्प्युटर म्हणजे लोखंड, आणि त्याच्याकडून काम करून घेणारा मुकादम म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. विंडोज, मॅक, लिनक्स ही त्या मुकादमांची नावं. आपल्याकडे एमएस-सीआयटी शिकलेल्या बहुतेक प्रत्येकाचा हात विंडोजवरच बसलाय, त्यामुळे कॉम्प्युटर म्हणजेच विंडोज असं समीकरण झालं.

विंडोज १० आलं २०१५च्या जुलैमध्ये. दहा वर्षांनी, १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट थांबवला. “बंद पडलं” असं लोक म्हणतात, पण बंद काही पडलेलं नाही. मशीन आजही चालू होतं, टॅली उघडतं, प्रिंट निघते. थांबली ती दर महिन्याला फुकट येणारी डागडुजी. शेताच्या कुंपणाला भगदाड पडलं की ते बुजवायला एक माणूस महिन्याला यायचा, तो आता यायचा बंद झाला, एवढंच. पण रानडुकराला हे कळायला वेळ लागत नाही.

हे उगाच घाबरवायला सांगत नाही. २०१७च्या मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं असंच एक भगदाड बुजवणारं अपडेट दिलं होतं. ज्यांनी ते टाकलं नाही, किंवा ज्यांच्या जुन्या विंडोजला ते मिळालंच नाही, त्यांच्यावर १२ मेपासून ‘वॉनाक्राय’ नावाचा हल्ला झाला. फायली कुलूपबंद आणि स्क्रीनवर खंडणीची मागणी. इंग्लंडमध्ये सरकारी दवाखान्यांच्या अपॉइंटमेंट रद्द झाल्या. दीडच महिन्यात, २७ जूनला, त्याच भगदाडाचा वापर करणारा ‘नॉटपेट्या’ आला आणि त्याचा दणका थेट आपल्या जेएनपीटीला बसला. उरण-न्हावा शेवा इथल्या बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं आणि कंटेनर अडकले. मर्स्क ही जगातली मोठी जहाज कंपनी. तिची ही गत झाली, तर आपल्या सोसायटीच्या सचिवाच्या मशीनचं काय घेऊन बसलात!

मनापासून कुणी बदलत नाही

या विषयावर इंग्रजीत लिहिणारे लोक नेहमी आवडीनिवडीच्या गोष्टी करतात. अमुक सिस्टीम सुंदर दिसते, तमुकमध्ये स्वातंत्र्य आहे. असतीलही तसे लोक. पण कामासाठी कॉम्प्युटर वापरणारा माणूस हौसेने सिस्टीम बदलत नाही, त्याला ढकलावं लागतं. इतिहास काढून बघा. २०१२ला आलेल्या विंडोज ८मधून ‘स्टार्ट’चं बटण गेलं, तर लोकांनी विंडोज ७ सोडायलाच नकार दिला. शेवटी २०१३च्या ८.१मध्ये ते बटण परत आणावं लागलं. त्याआधी व्हिस्टाचं तेच झालं होतं. जुने प्रिंटर, स्कॅनर चालेनात म्हणून लोक एक्सपीवर ठाण मांडून बसले.

मग ढकलतं कोण? बऱ्याचदा ब्राऊझर. हा धक्का लोकांच्या लक्षात येत नाही. गुगल क्रोमने २०२३च्या सुरुवातीला विंडोज ७ आणि ८.१ला नवीन आवृत्त्या देणं बंद केलं. या दोन्हींवर चालणारी शेवटची आवृत्ती १०९. त्यानंतर एकेका वेबसाइटवर ‘तुमचा ब्राऊझर जुना आहे’ असं यायला लागलं. सातबारा ऑनलाइन, दाखले ऑनलाइन, जीएसटी ऑनलाइन, बँक ऑनलाइन. म्हणजे मशीन ठणठणीत आणि काम मात्र होईना. विंडोज ७ला कवटाळून बसलेले अनेकजण १० वर आले ते अशा अडचणीपायीच.

आणखी एक धक्का खास आपला, मराठीचा. एक्सपीमध्ये मराठी टायपिंग चालू करायला सेटिंगमध्ये जाऊन टिचकी मारावी लागायची आणि मग ते विंडोजची सीडी मागायचं. सीडी कुणाकडे असायची? व्हिस्टापासून मराठी आधीच आत आलं. पुढे २०१९मध्ये विंडोज १०च्या एका अपडेटमध्ये मराठी फोनेटिक कळफलक आला, म्हणजे इंग्रजीत उच्चार टाइप करायचा आणि मराठी उमटणार. मोबाईलवर तसंच लिहिणाऱ्या पोरांना तो लगेच जमला. निव्वळ मराठी नीट लिहिता यावं म्हणून सिस्टीम बदललेले लोक मला माहीत आहेत आणि त्यांची दखल कुठल्या बातमीत येत नाही.

आणि तिसरा, रोजचा वैताग. अपडेट. शहरात वायफाय असतं, आपण मोबाईलचा हॉटस्पॉट जोडतो. दिवसाचा दीड जीबी डेटा, आणि विंडोज सकाळीच गपचूप तो पिऊन टाकतं. दुपारी ग्राहक समोर बसलेला आणि नेट संपलेलं. कधी अपडेट निम्म्यावर असताना लाइट जाते आणि मशीन उठतच नाही. यावर सोपा उपाय आहे. सेटिंगमध्ये त्या हॉटस्पॉटला ‘मीटर्ड कनेक्शन’ करून ठेवा. बहुतेक मोठी अपडेट मग परस्पर उतरत नाहीत. हे न सांगता थेट “विंडोजच काढून टाका” सांगणारे सल्लागार पुष्कळ आहेत.

अकरा का बसत नाही?

विंडोज ११ हे ५ ऑक्टोबर २०२१ला आलं. त्याच्या अटींमध्ये ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा तर आहेच, पण खरी अडचण दोन ठिकाणी होते. एक, प्रोसेसर. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, म्हणजे २०१७च्या उत्तरार्धानंतरचा. दुसरी अट टीपीएम २.० नावाच्या सुरक्षा चिपची. आपल्या भागात बरेचसे कॉम्प्युटर सेकंडहँड येतात, शहरातल्या कंपन्यांनी काढून टाकलेले. चौथी, सहावी पिढी. त्यांना ही अट पार होत नाही.

पण इथे घाई करू नका. प्रोसेसर नवा असूनही ‘टीपीएम नाही’ असं दिसत असेल, तर ती सोय मशीनमध्ये असते, फक्त बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. इंटेलच्या बोर्डावर तिला पीटीटी म्हणतात, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम. ती चालू केली की काम होतं. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ नावाचं फुकट अ‍ॅप आहे, ते दोन मिनिटांत सांगतं काय कमी आहे ते. आधी ते चालवा, मग नव्या मशीनचं कोटेशन मागा.

काही दुकानदार अटी चुकवून ११ टाकून देतात. टाकता येतं, खोटं नाही. पण अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि डागडुजीसाठीच तर आपण बदलत होतो. शिवाय २०२४च्या आवृत्तीपासून कोअर टू ड्युओसारखे फार जुने प्रोसेसर चालतच नाहीत, कारण त्यांना लागणाऱ्या काही सूचना त्या प्रोसेसरला कळत नाहीत. शाळांच्या कॉम्प्युटर खोल्यांत अशी मशीनं अजून झाकून ठेवलेली दिसतात.

अकराबद्दल आणखी एक इशारा. ते पहिल्यांदा सुरू करताना मायक्रोसॉफ्टचं खातं मागतं. ग्राहकाला पासवर्ड आठवत नाही, मग दुकानदार वेळ वाचवायला स्वतःचाच ईमेल टाकतो. इथे पुढचं संकट दडलंय. नव्या मशीनवर अशा खात्याने लॉगिन केलं की हार्डडिस्क बऱ्याचदा आपोआप कुलूपबंद होते आणि त्याची ४८ आकडी किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. उद्या काही बिघडलं आणि मशीनने ती किल्ली मागितली, तर ती असेल दुकानदाराच्या खात्यात. दुकान बंद झालं असेल तर? तेव्हा खातं तुमच्याच नावाचं करा आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा. वहीत लिहू नये असं तज्ज्ञ म्हणतात, पण विसरण्यापेक्षा बरं.

हळू चालतंय म्हणून सिस्टीम बदलायला निघालेल्यांना तर मी आधी एकच विचारतो, आत हार्डडिस्क आहे की एसएसडी? विंडोज १० असो की ११, फिरत्या हार्डडिस्कवर दोन्ही रडतात. जुनी डिस्क काढून २५६ जीबीची एसएसडी टाकली की तेच मशीन ओळखू येत नाही. यात सिस्टीमचा दोष फार थोडा असतो.

खरी अडचण एकाच दाव्याची असते

बैल कितीही मोकळा दिसला तरी दाव्याच्या लांबीपर्यंतच फिरतो. कॉम्प्युटर वापरणाऱ्याचंही तसंच असतं. त्याची नव्वद टक्के कामं कुठल्याही सिस्टीमवर होतात, पण एखादं काम असं असतं की ते एकाच ठिकाणी बांधलेलं असतं. लोक नव्वद टक्क्यांकडे बघून बदलतात आणि त्या एका कामापायी परत येतात.

माझंच सांगतो. २०२०च्या जानेवारीत विंडोज ७ची मुदत संपली तेव्हा मी घरचं मशीन फॉरमॅट मारून १० टाकून घेतलं. फोटो, कागदपत्रं सगळं डी ड्राईव्हला ठेवलं होतं, त्यामुळे निर्धास्त होतो. आठवड्याने वडिलांनी घराण्याच्या वंशावळीची फाइल उघडायला सांगितली. त्यांनी दोन वर्षं गावोगाव फिरून, भाटाच्या वहीवरून, म्हाताऱ्या आत्याबाईंना विचारून ती जमवली होती आणि एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतली होती. फाइल उघडली, तर सगळी इंग्रजी अक्षरं, चिन्हं, काही अर्थच लागेना. वडील मागे उभे. मला वाटलं फाइल खराब झाली. त्यांना काय सांगावं कळेना, म्हणून “नंतर बघू” म्हणून मशीन बंद केलं.

दोन दिवसांनी एका जुन्या डीटीपी करणाऱ्या काकांना ती फाइल दाखवली. त्यांनी पहिल्या ओळीकडे बघितलं, तिथे मोठा जे आणि छोटा एच होता. म्हणाले, “हे ‘श्री’ आहे. कृतिदेव आहे हा. फाइल चांगलीय, तुझा फाँट गेलाय.”

झालं असं होतं की कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या फाँटमध्ये मराठी अक्षर खऱ्या अर्थाने साठतच नाही. आत साठतं इंग्रजी अक्षर, फाँट फक्त त्याला मराठी कपडे घालतो. ‘महारा’ लिहिलं की आत असतं ई, जी, के, जे, के. फाँट असतात सी ड्राईव्हमध्ये, विंडोजच्या फोल्डरात. फॉरमॅट मारला की कपडे गेले, उघडा इंग्रजी सांगाडा उरला. युनिकोडचं तसं नाही. तिथे ‘क’ला त्याचा स्वतःचा क्रमांक आहे, ०९१५, आणि तो विंडोजवर, लिनक्सवर, मॅकवर, मोबाईलवर सगळीकडे ‘क’च राहतो. म्हणून ज्याचं सगळं लिखाण युनिकोडमध्ये आहे तो सिस्टीम बदलायला मोकळा. ज्याचं पंधरा वर्षांचं काम जुन्या फाँटमध्ये आहे तो अडकलेला, आणि आपल्याकडे पत्रिका, फ्लेक्स, कार्यअहवाल छापणाऱ्यांचं बरंचसं काम असंच आहे. कृतिदेवची फाँट फाइल लिनक्सवरही चालते, पण पेजमेकर, कोरलड्रॉ तिथे चालत नाहीत. काही जुन्या मराठी सॉफ्टवेअरना तर यूएसबीत खोचायचं कुलूप लागतं आणि त्याचं ड्रायव्हर फक्त विंडोजचं. आणि एक बारीक गोष्ट. नव्वदच्या दशकातली काही सॉफ्टवेअर ३२ बिटच्या विंडोजवरच चालतात. ११ मध्ये ३२ बिट आवृत्तीच नाही. म्हणजे विंडोजवरून विंडोजवर जातानासुद्धा दावं तुटत नाही.

सेवा केंद्रवाल्यांचं दावं वेगळं, अंगठ्याचं मशीन. आधारच्या पडताळणीसाठी त्याच्यासोबत जी आरडी सर्व्हिस लागते, ती बहुतेक कंपन्या विंडोज आणि अँड्रॉइडसाठी देतात. डिजिटल सहीच्या टोकनचं थोडं बरं आहे. काही टोकनची लिनक्सवरची ड्रायव्हर मिळतात, पण ते टोकन आणि ज्या पोर्टलवर सही करायची ते पोर्टल, दोन्ही जुळायला हवीत. व्यापाऱ्याचं दावं टॅली. टॅलीप्राइम हे विंडोजसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर आहे. ‘वाइन’ नावाच्या जुगाडातून लिनक्सवर चालवणारे आहेत, पण मार्चअखेरीला ते अडकलं तर सीएसाहेब काय म्हणतील याचा विचार करा.

प्रिंटरचं सांगायचं तर एचपीच्या बऱ्याच प्रिंटरना लिनक्समध्ये फारसा त्रास होत नाही, त्यासाठी कंपनीनेच सॉफ्टवेअर दिलंय. पण दुकानादुकानांत दिसणारे काही जुने, दणकट, छोटे लेझर प्रिंटर स्वतःच्या खास भाषेत बोलतात आणि लिनक्सवर प्रचंड नखरे करतात. प्रिंट हाच ज्याचा धंदा, त्याने हे आधी तपासावं.

म्युनिक परत फिरलं, केरळ टिकलं

हे दाव्याचं गणित मोठमोठ्यांनाही चुकलेलं नाही. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेसमोर २००३मध्ये आपल्यासारखाच प्रश्न होता. त्यांच्या विंडोज एनटी ४चा सपोर्ट संपत होता. नगरसेवकांनी ठरवलं, लिनक्सवर जायचं. मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर सुट्टी सोडून महापौरांना भेटायला आले, तरी निर्णय बदलला नाही. दहा वर्षं लागली, पण २०१३पर्यंत सुमारे १५ हजार कॉम्प्युटर लिनक्सवर आले. आणि मग २०१७मध्ये त्याच महापालिकेने परत विंडोजवर जायचा ठराव केला. काही खात्यांची खास सॉफ्टवेअर विंडोजवरच चालायची, बाहेरून येणाऱ्या फायली नीट उघडत नव्हत्या, कर्मचाऱ्यांच्या तक्रारी होत्या. राजकारणही होतंच. पण लिनक्स वाईट होतं म्हणून ते परत फिरले, असं म्हणणं बरोबर नाही. सगळी दावी त्यांना सोडता आली नाहीत.

उलट केरळ बघा. तिथल्या सरकारी शाळांत सुरुवातीच्या काळातच मोफत लिनक्स आणलं गेलं. केआयटीई, म्हणजे ‘काइट’, ही सरकारी संस्था शाळांसाठी स्वतःची आवृत्ती तयार करते, मल्याळम सोयींसकट. २०१९मध्ये त्यांनी जाहीर केलं की दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटरवर ते जाणार आणि त्यातून परवान्याचे ३,००० कोटी रुपये वाचणार. आकडा त्यांचाच आहे, थोडा हात सैल सोडून धरला तरी रक्कम छोटी नाही. हे टिकलं कारण शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, पुस्तकं त्याच सिस्टीमवर लिहिली, परीक्षा त्यावरच घेतल्या. पोरांना दुसरं काही सोडायचंच नव्हतं, मग दावं कुठून येणार? आपल्याकडे शाळेत धूळ खात पडलेल्या जुन्या मशीनांचं काय करायचं, हा प्रश्न शाळा व्यवस्थापन समितीने या नजरेने बघायला हरकत नाही.

मॅकबद्दल एका ओळीत सांगतो, कारण तालुक्यात तो घेणारे मोजकेच. व्हिडिओ एडिटिंग करणारे, पुण्या-मुंबईत सॉफ्टवेअरमध्ये असणारे. पण “मॅकला असलं काही नसतं” या भ्रमात राहू नका. इंटेल प्रोसेसरच्या मॅकसाठी २०२५ची ‘टाहो’ ही शेवटची मोठी आवृत्ती, असं अ‍ॅपलने जाहीर केलंय.

फॉरमॅट न मारता करून बघता येतं

लिनक्सचा हा गुण आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही. ते टाकण्याआधी वापरून बघता येतं. ८ जीबीचा पेनड्राईव्ह घ्या. विंडोजची सवय असलेल्याला ‘लिनक्स मिंट’ सगळ्यात जवळचं वाटतं, खाली डावीकडे मेनूचं बटण वगैरे. त्याची फाइल तीन जीबीच्या आसपास आहे, फुकट आहे. ‘रुफस’ नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने ती पेनड्राईव्हवर चढवा. त्या पेनड्राईव्हवर आधी काही असेल तर ते पुसलं जाईल, एवढं लक्षात ठेवा. मग मशीन चालू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप, जे तुमच्या कंपनीचं असेल ते बटण दाबून पेनड्राईव्हवरून सुरू करा. पडद्यावर मिंट उघडतं आणि आतल्या डिस्कला हात लागत नाही. डेस्कटॉपवर ‘इन्स्टॉल’चं चिन्ह असतं, तेवढं दाबू नका.

आता तुमची रोजची कामं त्यावर करून बघा. प्रिंटर जोडा, एक सातबारा छापा. स्कॅन करा. मराठी टाइप करा. इनस्क्रिप्ट आहे, फोनेटिक आहे, ‘गमभन’सुद्धा आहे. टोकन खोचून बघा. बँकेची साइट उघडा. ऑफिसच्या जुन्या फायली लिबरऑफिसमध्ये उघडून तक्ते हलतात का ते बघा. पेनड्राईव्हवरून थोडं हळू चालेल, ते मनावर घेऊ नका. एक कामकाजाचा दिवस असा काढलात तर तुमचं दावं कुठलं ते संध्याकाळपर्यंत कळतं. काहीच अडलं नाही तर सिस्टीम टाका. ४ जीबी रॅमच्या मशीनवर मिंटची ‘एक्सएफसीई’ ही हलकी आवृत्ती घ्या. मिंट २२ला एप्रिल २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

ज्याचं सगळंच काम ब्राऊझरमध्ये होतं, त्याच्यासाठी गुगलचं ‘क्रोमओएस फ्लेक्स’ही आहे. तेही फुकट, तेही पेनड्राईव्हवरून बघता येतं. फक्त त्यावर अँड्रॉइडची अ‍ॅप चालत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो, नंतर शिव्या नकोत.

आणि टाकण्याआधी बॅकअप. “डी ड्राईव्हला सगळं आहे” यावर विसंबू नका. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही दोन्ही ठिकाणं सी ड्राईव्हमध्ये असतात. टॅलीचा डेटा फोल्डर कुठेय ते टॅलीतच बघून घ्या. क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड बाहेर काढा. विंडोजच्या फाँटचा अख्खा फोल्डर पेनड्राईव्हवर उचलून ठेवा. डिजिटल सही टोकनमध्येच असते, ती फॉरमॅटने जात नाही, पण टोकनचा पासवर्ड तुमच्याकडे आहे ना?

ज्यांना आत्ता बदलताच येत नाही त्यांच्यासाठी

अंगठ्याचं मशीन, टॅली, जुनं डीटीपी, यातलं काही असेल आणि नवं मशीन घ्यायला पैसे नसतील, तर मायक्रोसॉफ्टने विंडोज १०साठी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय ठेवलीय. घरगुती मशीनसाठी तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत दिलीय. अमेरिकेत तिचे ३० डॉलर लावलेत, पण मशीनची सेटिंग मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडून ठेवली की पैसे लागत नाहीत. विंडोज १०ची २२एच२ ही आवृत्ती लागते. सेटिंगमधल्या ‘विंडोज अपडेट’मध्ये नावनोंदणीचा पर्याय दिसतो. एका खात्यावर दहा मशीनं चालतात. दुकानात क्रॅक मारलेली विंडोज असेल तर हे विसरा. आणि तो ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ जिथून उतरवला, तिथून सोबत आणखी काय काय आलंय याचा एकदा विचार करा.

माझ्याकडे सध्या दोन मशीनं आहेत. सहाव्या पिढीच्या जुन्या आय३वर मिंट आहे, बातम्या त्यावरच लिहितो. दुसऱ्यावर विंडोज १० आणि ती वाढीव अपडेट, फक्त डिजिटल सहीसाठी आणि ज्या साइट दुसरीकडे रुसतात त्यांच्यासाठी. प्रिंटर दोघांत एकच, केबल इकडची तिकडे करतो. आणि वंशावळ आता युनिकोडमध्ये आहे. कन्व्हर्टरमधून काढताना रफार आणि वेलांट्या तीसेक ठिकाणी घसरल्या होत्या. वडिलांनी चष्मा लावून, प्रिंटवर लाल पेनाने एकेक नाव दुरुस्त करून दिलं. त्या नादात दोन विसरलेले चुलतेही सापडले.